ताजी लाज

इचलकरंजीत कुणी नाचत नाही. म्हणजे वरातीत नाचतात, मिरवणुकीत नाचतात, निवडणुकीच्या निकालाला तर पडलेल्या उमेदवाराची माणसंही नाचून घेतात. पण तिकीट काढून, शुद्धीवर असताना, केवळ संगीत चालू आहे म्हणून कुणी नाचत नाही. 'धोटा' या ट्रान्स बँडने एका पटांगणात पहिला कार्यक्रम केला तेव्हा आलेल्या मंडळींनी हाताची घडी घालून तो अखेरपर्यंत ऐकला, व्याख्यानमालेत वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका काकांनी उठून शंका विचारली, "यात गाणं कधी सुरू होतं?"

ट्रान्समध्ये गाणं सुरू होत नसतं. एकच ठेका असतो, न थांबणारा, आणि त्यावर सूर चढत जातात, उतरतात, पुन्हा चढतात. मध्येच ठेका थांबतो, सगळं अधांतरी लटकतं, आणि तो परत कोसळतो तेव्हा ऐकणाऱ्याने स्वतःला विसरावं एवढीच अपेक्षा असते. धोटाने हा ठेका यंत्रमागावरून उचलला होता. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याची गती आणि ट्रान्सची गती जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे गावाने कित्येक पिढ्या ट्रान्सच ऐकला होता, फक्त त्यातून कापड निघायचं.

बँडमध्ये तिघं होते. सिंथवर अल्ताफ बाणदार. ठेका रचणारी, पुढे उभी राहणारी आणि जगाशी बोलणारी केतकी सातपुते. आणि मागे, वायरींच्या गुंत्यात, एम. टेक. झालेला श्रेणिक मगदूम, ज्याला बँडमध्ये घेतलं तेव्हा 'मागेच राहशील' असं वचन द्यावं लागलं होतं.

"पुढच्या वेळी खुर्च्या ठेवायच्याच नाहीत," कार्यक्रमानंतर चहाच्या गाड्यावर केतकी म्हणाली.

"आपण ठेवल्याच नव्हत्या," श्रेणिक म्हणाला. "लोकांनी घरून आणल्या."

"अरे, माझ्या मामूचा घरमालक आलेला," अल्ताफ म्हणाला. "तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय. असं एकमेकांकडं बघत कुणाला ट्रान्स लागणार? मीच नाचलो नसतो."

हे वाक्य श्रेणिकच्या डोक्यात राहिलं, आणि पुढे जे झालं ते त्यातून झालं.

शोध तसा मोठा नव्हता. कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी वाचणं तोवर गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानातही होत होतं. दुकानदार नंबर काढता काढता 'ताण जास्त आहे, दूध घ्या' एवढं सांगून टाकायचा. श्रेणिकच्या मार्गदर्शक डॉ. वसुधा हेरवाडे यांनी या लहरींमधली एक लाट वेगळी काढली होती. माणूस स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो तेव्हा कपाळामागच्या भागात ही लाट उठते. हात वर करायच्या आधी, पाऊल उचलायच्या आधी, तोंड उघडायच्या आधी शरीर क्षणभर परवानगी मागतं. लाट मोठी असली तर परवानगी नाकारली जाते आणि हाताची घडी तशीच राहते. शोधनिबंधात तिला लांबलचक नाव होतं. विद्यार्थी तिला 'कोण बघतंय लाट' म्हणायचे.

श्रेणिकचा अभ्यास होता गोंगाट मारणाऱ्या हेडफोनचा. त्यात युक्ती सोपी असते. बाहेरचा आवाज एका बारीक माइकने ऐकायचा आणि त्याच्या बरोबर विरुद्ध आवाज कानात सोडायचा. चढाला उतार, उताराला चढ; दोन्ही मिळून शांतता. लाजेलाही हे का करू नये? मेंदूत थेट काही ओतता येत नाही, पण मेंदू ठेक्याबरोबर चालू लागतो हे जुनंच ज्ञान आहे. ठेक्यातला प्रत्येक ठोका कानाला कळणार नाही इतका पुढेमागे सरकवला, तर त्याच्यावर स्वार होऊन विरुद्ध लाट आत पोचते. पट्टी, संगणक, स्पीकर. झालं यंत्र.

अडचण एकच. हेडफोनला बाहेरचा आवाज ऐकावा लागतो, तशी यंत्राला खरी लाज ऐकावी लागते; मूळ लाट असल्याशिवाय विरुद्ध कशाच्या? रेकॉर्ड केलेली लाज वापरून पाहिली. ती एका ट्रॅकपुरती चालली, मग मेंदूंनी ती ओळखली आणि दुर्लक्ष केलं. लाज ताजी लागायची. ठेक्यामुळे सगळी गर्दी एका पायरीवर येत असल्याने माणूस मात्र एकच पुरे होता. त्याने त्याच गर्दीसमोर बसून, त्याच क्षणी, मनापासून लाजायला हवं होतं.

तिघांची चाचणी झाली. केतकीच्या कपाळावर काहीच उमटलं नाही. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावून पाहिली. अल्ताफची लाट उठायची, पण चहा येईपर्यंत विरायची. श्रेणिकला पट्टी लावताना शिंक आली आणि तो 'सॉरी' म्हणाला. पडद्यावर जे उमटलं ते पाहून डॉ. हेरवाडे खुर्चीत सरळ बसल्या.

"तुम्ही नेहमी असेच असता?"

"हो मॅडम. सॉरी."

अशा रीतीने 'मागेच राहशील' हे वचन मोडून श्रेणिकला मंचाच्या मधोमध, स्टुलावर, दिव्याच्या झोतात बसवण्यात आलं. काम काहीच नव्हतं. बसायचं आणि लोकांनी बघायचं.

दुसरा कार्यक्रम त्याच पटांगणात झाला. आधी एका बाईंचा हात सुटला. मग दुय्यम निबंधकांची मान हलू लागली. थोड्या वेळाने शंका विचारणारे काका खुर्ची डोक्यावर घेऊन नाचत होते, आणि श्रेणिकला शाळेत पीटी शिकवणारे सर डोळे मिटून गोल गोल फिरत होते. नंतर लोकांना काय झालं ते सांगता येईना. बाईंनी एवढंच सांगितलं, "माझे हात मी पहिल्यांदा मोकळे सोडले."

पटांगणात लाजत होता तो फक्त श्रेणिक. त्याची लाट मूळ लाट असल्याने ती मारून चालणार नव्हतं; त्याच्या कानात बोळे घातलेले होते. सगळ्या गावाच्या वतीने तो एकटा लाजला आणि यशस्वी झाला.

पुढची वर्षं धोटाची होती. पुणे, गोवा, बंगळुरू, मग परदेश. स्वयंचलित बसमधून बँड फिरू लागला. खाली मान घालून, खांदे आखडून स्टुलावर बसलेला श्रेणिक लोकांना ध्यानस्थ वाटला. त्याच्या त्या बसण्याचे टी-शर्ट निघाले. कपाळावरची पट्टी फॅशन झाली. यंत्राचं गुपित बँडचे तिघं आणि डॉ. हेरवाडे अशा चौघांतच राहिलं, तरी काहीतरी युक्ती आहे असा सुगावा लागून एका राजकीय पक्षाने अधिवेशनासाठी विचारणा केली. केतकीने चहाच्या निमित्ताने काही पदाधिकाऱ्यांना पट्ट्या लावून पाहिल्या आणि नम्रपणे नकार कळवला. तिथे मारण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

मग श्रेणिक सरावला. माणूस कशालाही सरावतो. हजारो लोकांनी रोखून बघण्यालाही. पडद्यावरचा त्याच्या लाजेचा आलेख खाली बसू लागला, आणि गर्दीत मागच्या बाजूने हाताच्या घड्या परत पडू लागल्या. तेव्हा बँडने एक रिवाज सुरू केला. त्याला ते 'उजळणी' म्हणायचे. मंचावर जायच्या आधी केतकी आणि अल्ताफ श्रेणिकला समोर बसवून त्याच्या आयुष्यातले प्रसंग आठवून द्यायचे. देवाला हात जोडावेत इतक्या नियमाने हे चालायचं.

"नाशिकच्या हॉटेलात लिफ्टमध्ये कुणाला नमस्कार केलास?"

"आरशाला."

"आणि वर काय म्हणालास?"

"'तुम्ही आधी.'"

पहिल्यांदा यावर आलेख छताला लागला होता. पुढे श्रेणिक स्वतःच हसायला लागला. प्रसंग संपले. उलटा शर्ट घालून पाहिला, फॅशन झाली. गोव्यातल्या समुद्रकाठच्या महोत्सवापर्यंत अशी वेळ आली की अर्ध्या कार्यक्रमात लोक मोबाइलवर परतीची गाडी बघू लागले.

आणि त्या संध्याकाळी आप्पा आले.

आप्पा म्हणजे श्रेणिकचे वडील, बाळगोंडा मगदूम. उभं आयुष्य त्यांनी मागाच्या शेडमध्ये काढलं होतं आणि त्या खडखडाटात कान गमावले होते. मागवाल्यांत हे इतकं सर्रास की ते त्याला आजार धरत नाहीत. कानात यंत्र घालायला त्यांची तयारी नव्हती. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही अशा हिशोबाने ते ओरडून बोलायचे; बँकेत, दवाखान्यात, मंदिरात, पोट साफ होण्याबद्दलसुद्धा. श्रेणिकने आवाज या विषयात एम. टेक. का केलं याचं उत्तर त्याच्या प्रबंधात नव्हतं.

आप्पा समाजाच्या सहलीबरोबर धर्मस्थळाला गेले होते. परतताना बस गोव्यात थांबवून, पोरगा कुठे वाजवतोय ते विचारत, हातात स्टीलचा डबा घेऊन ते कुंपणापाशी पोचले. नेमका त्या वेळी ठेका थांबला होता. सगळं अधांतरी होतं. पाण्यावरून सूर्य खाली चालला होता.

"श्रेणिक!" कुंपणापासून आवाज आला, कानातल्या बोळ्यांनाही न जुमानणारा. "सूर्य बुडाय लागलाय रं! जेवलास का न्हाई?"

मगदूमांच्या जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. हे त्या संध्याकाळी पोर्तुगालपासून मणिपूरपर्यंतच्या रसिकांना कळलं. सगळ्या माना वळल्या. कुंपणावर डबा उंच धरलेला होता.

"थालीपीठ हाय! खाऊन घे पटकन, मग वाजीव!"

ठेका कोसळला आणि त्याबरोबर समुद्रकिनारा उसळला. असा आलेख यंत्राने कधी पाहिला नव्हता. अल्ताफ सिंथ सोडून पडद्याकडे बघत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर केतकी आप्पांच्या पाया पडली. पट्टीत काहीही न उमटणाऱ्या केतकीला असल्या गोष्टी सहज जमत.

"काका, तुम्ही आमच्याबरोबरच चला की. सगळ्या दौऱ्याला."

"मी? मी कशाला?" आप्पांनी दोनदा विचारलं, कारण पहिलं उत्तर ऐकू आलं नाही.

"तुमचा आशीर्वाद लागतो!" केतकी त्यांच्या कानाशी ओरडली. "तुम्ही असलात की श्रेणिकचं काम चांगलं होतं!"

आप्पांचे डोळे भरले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. श्रेणिकला या वेळी बोलायचं होतं, नाही म्हणायचं होतं, किमान कारण तरी सांगायचं होतं. त्याने मान हलवली. ती होकारार्थी दिसली.

आप्पांनी दोन सफारी शिवून घेतल्या. बायको गेल्यापासून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसणारा हा माणूस आता विमानात खिडकीची जागा मागू लागला. मंचाच्या पायाशी त्यांची खास खुर्ची असायची. हॅम्बर्गला त्यांनी आयोजकाला विचारलं, "पगार किती पडतो?" आणि अल्ताफने त्याचं इंग्रजीत भाषांतर करताना हवामानाचं काहीतरी सांगितलं. जयपूरच्या राजवाड्यातल्या जेवणात त्यांनी शेजारच्या संस्थानिक बाईंना, कांदा-बटाटा, भुईखालचं काही चालत नाही ना, म्हणून भाजी बोटाने उकलून दाखवली. प्रत्येक ठिकाणी सूर्य कलला की डबा उघडायचा आणि हाक यायची. लोकांना आप्पा आवडत होते. लोकांना ते आवडतात हे श्रेणिकला दिसत होतं, आणि तरीही हाक आली की त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. मग आपला बाप खूश आहे आणि आपण मान खाली घातलीय हे त्याच्या ध्यानात यायचं आणि पहिल्या लाजेवर दुसरी लाज चढायची. ही दुसरी पहिलीपेक्षा जाड होती. यंत्राला ती फार मानवली. धोटा जगातल्या पहिल्या रांगेत गेला तो या दुसऱ्या लाजेवर.

"आपलं मुख्य वाद्य आप्पा आहेत," केतकी एकदा अल्ताफला म्हणाली. ती ओरडून म्हणाली नव्हती, त्यामुळे आप्पा शेजारीच असूनही चाललं.

एके दुपारी जयपूरच्या हॉटेलात बाप-लेक चहा घेत होते. आप्पा बशीत ओतून पीत होते. ते अचानक म्हणाले, म्हणजे ओरडले, "तुझ्या कॉलेजच्या गॅदरिंगला मला बोलावलं न्हाईस तू."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं.

"सगळ्यांचे आईबाप गेलते. मला वाटलं, पोरगं बापाला लाजतंय." आप्पांनी बशी खाली ठेवली. "खोटं होतं बघ माझं मन. उगीच इतकी वर्षं डोक्यात धरून बसलो. आता जगभर घेऊन हिंडतोयस मला."

"चहा घ्या आप्पा."

"आँ?"

"चहा! घ्या!"

त्या संध्याकाळचा आलेख बँडच्या आजवरच्या आयुष्यातला सर्वात उंच आलेख होता. केतकीने त्याचा फोटो काढून ठेवला. श्रेणिकने तो पाहिला आणि ठरवलं की हे संपवायचं.

आप्पांना घरी पाठवणं हा एक मार्ग होता, पण त्यासाठी कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. आप्पांना ते कळता कामा नये, एवढं त्याला नक्की कळत होतं. दुसरा मार्ग असा की लाजायचंच बंद करायचं. लाज मेली की आप्पा मंचाच्या पायाशी बसतील ते फक्त बाप म्हणून.

त्याने अभ्यासाला बसल्यासारखी सुरुवात केली. विमानतळावर तो आप्पांशी त्यांच्याच आवाजात बोलू लागला. "आप्पा, लघवीला जायचं काय?" असं त्याने दिल्लीत रांगेतून विचारलं आणि पुढचा माणूस वळून बघू लागल्यावर त्याच्याकडे बघून हसला. सूर्य कलला की खास पाहुण्यांच्या तंबूत तो आप्पांच्या शेजारी मांडी घालून बसायचा, डब्यातलं खायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थालीपीठ पुढे करायचा. आणि या नादात एक विपरीत झालं. त्याला आप्पा आवडू लागले. ते कुणालाही काहीही विचारतात, उत्तर ऐकू आलं नाही तरी समाधानाने मान डोलावतात, आणि तरीही संध्याकाळपर्यंत अर्धा महोत्सव त्यांच्या ओळखीचा होतो. हे आपल्याला जन्मात जमणार नाही, असं त्याला कौतुकाने वाटू लागलं. केतकी पट्टी लावून जी लाज शोधत होती ती बापाकडे मुळातच नव्हती, आणि ती घालवायला त्यांना यंत्र लागलं नव्हतं.

आलेख घसरू लागला. बंगळुरूला लोक जरा डुलले. पुण्यात एका प्रेक्षकाने हाताची घडी घातली आणि समाजमाध्यमावर चिकित्सा लिहिली. नंतरच्या सरावात केतकीने पडदा श्रेणिककडे वळवला. समोरच्या खुर्चीत आप्पा बसून मोठमोठ्याने ढेकर देत होते, आणि पडद्यावरची रेघ आडवी होती.

"हे काय आहे?" केतकीने विचारलं.

"सपाट आहे," श्रेणिक म्हणाला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्यावर माणसं हसतात तसा तो हसत होता.

"अभिनंदन," अल्ताफ म्हणाला. "तू चांगला माणूस झालास आणि आमचा बँड बुडाला."

"श्रेणिक, जरा विचार कर," केतकी म्हणाली. "कोल्हापूरचा कार्यक्रम तोंडावर आलाय. आपलं गाव, आपली माणसं. अख्खं इचलकरंजी येणार आहे. तिथं लोक नुसते उभे राहिले तर परत कुणी बोलवणार नाही. मला फार काही नको. त्या दिवशी आप्पांच्या हातात माइक देऊ. बस."

"द्या."

"तुला चालेल?"

"द्या की. काही होणार नाही." तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ ना."

अल्ताफने केतकीकडे पाहिलं. "माइक नको, केतकी. सपाट तर सपाट. कोल्हापूर करू आणि थांबू. मी तसाही दमलोय त्यांचा पगाराचा प्रश्न हवामानात फिरवून."

केतकीने पडदा परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाली, "ठीक. माइक नाही." ती शब्दाची पक्की होती. पुढे जे झालं त्यात तिचा हात नव्हता हे सांगायला हवं.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर मंच उभा राहिला. जिकडेतिकडे ओळखीचे चेहरे होते. दुय्यम निबंधक आले होते, पीटीचे सर आले होते. शाळेतली मुलं आता पोट सुटलेली, बायकापोरांसह. कोल्हापूरच्या डॉक्टर-वकील मंडळींनी पुढच्या रांगा धरल्या होत्या. आप्पा नव्या सफारीत, सूर्य बुडायच्या आत जेवून, आपल्या खुर्चीत बसले होते.

श्रेणिक स्टुलावर बसला. पट्टी लावली. सगळे बघत होते. त्याच्या पायाशी छोटा पडदा होता आणि त्यावर रेघ आडवी पडलेली होती, तळ्याच्या पाण्यासारखी. केतकीने ठेका सुरू केला. माळभर हाताच्या घड्या पडल्या.

एक ट्रॅक गेला. दुसरा गेला. अख्खं इचलकरंजी कोल्हापूरकडे बघत उभं होतं आणि कोल्हापूर इचलकरंजीकडे. केतकी वाजवत होती ते उत्तम होतं, आणि लोक ते व्याख्यान ऐकावं तसं ऐकत होते. बँड बुडत होता. श्रेणिक आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून मंचावर बसला होता. त्याने आप्पांकडे पाहिलं आणि हात हलवला.

आप्पांनी हात हलवला. मग त्यांनी मागे वळून गर्दीकडे पाहिलं. इतक्या कार्यक्रमांत त्यांनी लोकांना नाचतानाच पाहिलं होतं. आपल्या पोराचं काहीतरी बिनसलंय, हे कळायला कान लागत नाहीत. ते उठले. जिना चढून मंचावर आले. त्यांना अडवायचं नाही अशी पहारेकऱ्यांना सवयच होती. फळ्यांमधून मागाचा ठेका त्यांच्या तळपायात चढला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले, सफारीची बटणं सोडली आणि ते नाचू लागले.

त्यांना नाचता येत नव्हतं. ते मागाभोवती चालायचे तसे चालत होते, दोन पावलं इकडे, दोन तिकडे, मध्येच वाकून तुटलेला धागा जोडल्यासारखं करत. बनियन वर सरकला होता. पोट हलत होतं. मोठ्या पडद्यावर ते पोट तीन मजली दिसत होतं.

"अरे उभं काय राहिलासा!" ते गर्दीवर ओरडले. त्यांना माइक लागतच नव्हता. "कुणाच्या मयताला आलासा काय? माझ्या पोराचा कार्यक्रम हाय! नाचा की!"

कुणीच हललं नाही. हजारो लोक हाताची घडी घालून एका म्हाताऱ्याकडे बघत होते. मोबाइल वर झाले. पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ होते. श्रेणिकच्या ओळखीचेही नव्हते. ते बायकोच्या कानाशी वाकले, काहीतरी म्हणाले, आणि दोघं हसली. हसू वाईट नव्हतं. सुसंस्कृत माणसं हसतात तसं, ओठांच्या कडेला, जागच्या जागी दाबलेलं.

श्रेणिकने पायाशी ठेवलेल्या पडद्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही. पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांची घडी सुटली. त्यांच्या बायकोचे हात वर गेले. मग दुसरी रांग, मग पीटीचे सर, मग वारा शेतातून जावा तसं ते मागे मागे पसरत गेलं आणि अख्खा माळ उसळला. केतकीने मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढी सुटका होती की अंगठा वर करायचं तिने अर्ध्यातच सोडलं. अल्ताफने मात्र नजर सिंथवरून काढली नाही.

श्रेणिकचे खांदे कानांना लागलेले होते. ते खाली घेण्याचा त्याने प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नाचीही लाज वाटून लोक आणखी नाचले.

आप्पा धापा टाकत त्याच्यापाशी आले. घामाने न्हालेले, बटणं सुटलेली, चेहरा लहान पोरासारखा उजळलेला. त्यांनी माळाकडे हात केला.

"बघितलास? नाचत नव्हती! माझ्यामुळं नाचायला लागली!"

"होय आप्पा," श्रेणिक म्हणाला. "तुमच्यामुळंच."

"आँ?" आप्पांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास? मोठ्यानं बोल की!"